ऊब आणि वारसा

हवाई बेटांवरील ज्वालामुखी उद्यानात जमिनीच्या भेगांतून अहोरात्र वाफ निघत असते. पावसाचे पाणी खाली मुरते, तप्त खडकाला भिडते आणि वाफ होऊन परतते. तेथे पोटातला अग्नी अद्याप जागा आहे.

आम्ही धार-देवासकरही ज्वालामुखीच्याच भूमीवर नांदतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी माळव्याचे पठार घडले. मांडूचा काळा पाषाण त्यातलाच, आणि शेतातली काळी माती ही त्या पाषाणाचीच झीज. तोच पाषाण पार कोकणापर्यंत पसरला आहे. तेथे तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. वज्रेश्वरीचे देवालय चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयाशी निगडित आहे. त्याच चिमाजी अप्पांनी १७२८ साली आमच्या अमझेऱ्याच्या रणात माळव्याचे दार उघडले होते.

त्या कुंडात उतरणाऱ्यास वाटते, ही पुरातन लाव्हाचीच शिल्लक ऊब असावी. भूशास्त्र वेगळेच सांगते. तो लाव्हा केव्हाच निवाला. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल उतरते, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि वर येते.

यातून एक प्रश्न आम्हांस सुटता सुटत नाही. पूर्वजांचे तेज वंशजांना आपोआप मिळते काय? पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या कथा, सनदा, मानपान यांवर आमची घरे पिढ्यान् पिढ्या शेकत आली. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी शेकणे थांबले नाही. कोणी म्हणेल, हा अभिमान नसता तर परमुलखात आम्ही मराठी म्हणून उरलोच नसतो. हे खरे आहे. परंतु अभिमानाने नाव टिकते. भाषा टिकतेच असे नाही. ज्या घरात मोडी दप्तर पेटीत जपले जाते, पण नातवंडांशी मराठीत बोलणे होत नाही, त्या घराने वारसा राखला असे कसे म्हणावे?

पूर्वजांनी दिली ती भूमी. त्या देण्याचे ऋण मोठेच आहे. तथापि काळी मातीही नांगरल्यावाचून पिकत नाही. ऊब मात्र प्रत्येक पिढीने स्वतः खोल उतरून आणावयाची असते. ती आणण्याचे टाळून केवळ कुळाची थोरवी सांगणे, हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांच्या कष्टांवर फुकट जगणे होय.