अभिप्रेत वाचक आणि ज्ञात्याची मर्यादा

जाणण्याविषयी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांचे वर्तन मोठे उद्बोधक आहे. ‘शहाणा’ हा शब्द एकटा उभा असला की तो गौरवाचा असतो. त्याला ‘अति’ किंवा ‘दीड’ जोडले की उपहासाचा होतो. शहाणपणाला एक माप आहे आणि ते ओलांडले की शिल्लक वाढण्याऐवजी घटते, असा हिशेब भाषेनेच करून ठेवलेला दिसतो. रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला, आणि त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खासाठी राखून ठेवला. साध्या मूर्खाबरोबर त्याची गणना करणे त्यांना पुरेसे वाटले नाही. पढतमूर्ख हा अज्ञानी नव्हे. त्याने वाचलेले आहे, त्याला सांगताही येते. दोष आहे तो ज्ञान आणि आचरण यांच्यातील फटीत.

परंतु ज्ञानाचा असाही एक दोष संभवतो, जो या समासाच्या कक्षेत पुरता सामावत नाही. ज्ञाता प्रामाणिक आहे, त्याचे आचरण निर्दोष आहे, त्याचे विधानही खरे आहे. तरीही ते ज्ञान जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचताना खोटे ठरते. या ठिकाणी ज्ञात्याची मर्यादा कोठे असते, आणि ती त्याला कोण दाखवून देणार, हा प्रश्न नैतिक तर आहेच, पण साहित्यसमीक्षेलाही तो टाळता येण्यासारखा नाही.

आपल्याकडे मर्यादेची कबुली देण्याची परंपरा जुनी आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभी लहानशा होडीतून समुद्र तरून जाऊ पाहणाऱ्याची प्रतिमा योजली. ज्ञानदेवांनी चोचीने सागर मोजू पाहणारी टिटवी आणली. पुढे ही कबुली इतकी रूढ झाली, की ग्रंथाच्या प्रस्तावनेत ‘अल्पमती’ हा शब्द यजमानाच्या नमस्कारासारखा येऊ लागला. अशा विनयाला किंमत मोजावी लागत नाही. ‘मला फारसे कळत नाही’ असे म्हणणारा लेखक पुढची चारशे पाने निःशंकपणे लिहितो, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

ज्ञानदेवांच्या बाबतीत मात्र या कबुलीला आणखी एक अंग आहे. ‘ज्ञानेश्वरी’ ही श्रोत्यांसमोर उभी राहणारी संहिता आहे. वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो, त्यांची क्षमा मागतो. तो लांबणीवर गेला तर श्रोते किंवा गुरू त्याला मूळ अर्थाकडे वळवतात, असे प्रसंग ग्रंथात येतात. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांची गणना ‘अमानित्व’ या लक्षणापासून सुरू होते, आणि ज्ञानदेव या लक्षणांच्या विवरणाला शेकडो ओव्या देतात. अज्ञानाबद्दल गीतेत जेमतेम अर्धा चरण आहे. ज्ञानदेव त्याचेही दीर्घ प्रकरण करतात. मानी नसणे हे ज्ञानाचे पहिले लक्षण का असावे? त्याचे एक उत्तर ग्रंथाच्या रचनेतच सापडते. येथे श्रोत्याला वक्त्याला थांबवण्याचा अधिकार आहे. विनय हा तेथे मनाचा भाव न राहता रचनेचा भाग झाला आहे.

श्रोत्याचा हा अधिकार काढून घेतला तर काय होते, याचे उदाहरण ग्रंथांबाहेर शोधावे लागते. ते यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात घडले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बोंडअळीला दाद न देणारे म्हणून ज्या बियाण्याची ख्याती होती, त्याला गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली होती. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा खाली पानांवर पडण्याऐवजी तोंडासमोर उडत होता. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याचा प्रघात होता. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपीनसारखा उतारा आहे, पण इतर अनेक रसायनांवर नेमका उतारा नाही. आणि मिश्रणात काय होते हे बेशुद्ध माणसाला सांगता येत नाही.

या साऱ्या घटनेत एक संहिता होती, आणि समीक्षेचा संबंध तिच्याशी येतो. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर माहितीपत्रक असते, डब्यावर विषारीपणाची तीव्रता दाखवणारा त्रिकोण असतो: तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा. किती मात्रा घ्यावी, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, हे सर्व त्यात लिहिलेले असते. लिहिलेले खरेही असते. तज्ज्ञाला येथे खोटे ठरवता येणार नाही. म्हणूनच दोष फवारणाऱ्याच्या निष्काळजीपणावर टाकणारा एक सूर त्या वेळी उमटला: पत्रकात सांगितले होते, त्याने वाचले नाही.

वाचकलक्ष्यी समीक्षेने ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मराठीत येऊन बराच काळ झाला. संहिता स्वतःच्या रचनेतून एक वाचक गृहीत धरते, हे आता पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही पाठ असते. त्या पत्रकाने कोणता वाचक गृहीत धरला होता? त्याला बारीक अक्षर वाचता येते, त्याच्याजवळ हातमोजे आहेत, भर उन्हात ते घालून तो काम करू शकतो, आणि डबा त्याने स्वतः विकत घेतलेला आहे. प्रत्यक्षात पाठीवर पंप घेतलेला माणूस पुष्कळदा रोजाने आलेला मजूर असतो. डबा कृषी केंद्रातून दुसऱ्याने आणलेला, औषध बादलीत आधीच कालवलेले. पत्रक त्याच्या हाती पडतच नाही. संहितेचा अभिप्रेत वाचक आणि तिचा परिणाम सोसणारा माणूस या दोन भिन्न व्यक्ती होत्या. काव्याच्या बाबतीत अशी तफावत पडली तर फार तर एक चुकीचा अर्थ लागतो.

पत्रक लिहिणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते असे नाही. आपले ज्ञान कोणाच्या हाती जाणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. ही उणीव अधिक रसायनशास्त्र शिकून भरून येत नाही. अज्ञानाची मर्यादा अभ्यासाने मागे सरकते. स्थानाची मर्यादा अभ्यासाने दिसतही नाही, ती पलीकडच्या बाजूने कोणी बोलले तरच दिसते. आणि तो मजूर पत्रकाला थांबवून ‘हे मला लागू पडत नाही’ असे म्हणू शकत नव्हता.

येथे एका सोप्या निष्कर्षाचा मोह पडतो, आणि मराठी समीक्षेला तो विशेष पडत आला आहे: पुस्तकी विद्या खोटी, मातीतले शहाणपण खरे. देशीयतेच्या चर्चेतील काही उथळ प्रवाहांनी या निष्कर्षावर बरीच वर्षे गुजराण केली. वस्तुतः ज्या विद्वानाने ‘मला काही कळत नाही, सारे शेतकऱ्याला कळते’ असे म्हटले, त्याने विनय दाखवला नाही. त्याने जबाबदारी झटकली. सॉक्रेटिसाने आपल्यापेक्षा शहाणा माणूस शोधण्यासाठी अथेन्समध्ये जी पायपीट केली तिची हकीकत या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. राजकारण्यांजवळ त्याला ज्ञान आढळले नाही. कवींना आपल्याच कवितेचा अर्थ सांगता आला नाही (समीक्षकांनी यावर फार खूश होऊ नये). कारागिरांजवळ मात्र खरे ज्ञान होते, हे त्याने मान्य केले. तरीही तेच ज्ञान त्यांना इतर मोठ्या गोष्टींतही आपण जाणते आहोत असे वाटायला लावत होते. अनुभवाचे ज्ञानही आपल्या कडेपाशी येऊन आंधळे होते. तीन औषधे एकत्र केली की अळी लवकर मरते, हा अनुभवच होता.

यवतमाळविषयी बोलताना आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. गेल्या काही दशकांत हे नाव आत्महत्येचा पर्यायवाची शब्द होऊन बसले आहे. त्यामागचे दुःख खरे आहे. पण प्रतीक झालेल्या गावाला स्वतःचे डोके असू शकते, हे विसरले जाते. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे याच जिल्ह्याचे. राजकारणात आयुष्य घालवून, बिहारचे राज्यपालपद सांभाळून त्यांनी टिळकांवर ‘श्रीतिलकयशोर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले.

दुसरे संमेलन तेथे भरले ते जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेस विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. त्या रिकाम्या जागी वैशाली येडे उभ्या राहिल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, ‘तेरवं’ या नाटकात भूमिका करणारी, याच जिल्ह्यातील राजूरची रहिवासी अशी त्यांची ओळख होती.

या प्रसंगाचा अर्थ लावताना विद्वत्सभेची खरी परीक्षा झाली. निमंत्रण मागे घेणे हा विद्येचा अवमान होता, यात शंका नाही. पण येडे यांना बोलावणे हा विनय होता काय? संयोजकांना एक अशी व्यक्ती हवी होती जिला कोणी विरोध करू शकणार नाही. दुःखाला विरोध करता येत नाही, म्हणून दुःखाला उद्घाटक केले, असे म्हटले तर ते कठोर होईल. मात्र निराधार होणार नाही. तरीही त्या जे बोलल्या त्याचे मोल, त्यांना कोणत्या हेतूने बोलावले यावर अवलंबून राहत नाही. मागे राहिलेल्या स्त्रीच्या वाट्याला येणारे जगणे त्यांनी सभेपुढे ठेवले, आणि ते सभेतील कोणाही व्यासंगी माणसाला ग्रंथातून मिळवता आले नसते. सहगल यांचे न झालेले भाषण छापून आले, वाचले गेले. त्यातील असहिष्णुतेविरुद्धची भूमिका वेगळ्या अभ्यासातून आलेली होती. या दोघींपैकी एकीला मोठे करण्यासाठी दुसरीला लहान करणे, हा उद्योग त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी झाला. त्यात गमावले गेले ते हे, की एका सभेत दोघीही असू शकल्या असत्या, आणि एकमेकींना दुरुस्तही करू शकल्या असत्या.

समीक्षेपुरते बोलायचे तर प्रश्न याहून जवळचा आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार २००४ मध्ये मिळाल्यापासून शेतकरीजीवनावरील कादंबरी हा प्रबंधांचा हक्काचा विषय झाला. या लेखनात ‘अस्सल’, ‘जिवंत’, ‘वास्तवदर्शी’ ही विशेषणे मुक्तहस्ताने वाटली जातात. अस्सलपणाचे प्रमाणपत्र देण्यासाठी मूळ वस्तू ओळखीची असावी लागते, हा साधा नियम सराफकट्ट्यावर पाळला जातो. समीक्षक भाषेविषयी, रचनेविषयी, कादंबरीच्या परंपरेविषयी अधिकाराने बोलू शकतो, आणि त्याने बोललेच पाहिजे. ते त्याचे शास्त्र आहे. कर्जाच्या तगाद्याचे वर्णन खरे उतरले आहे की नाही, हे सांगताना मात्र त्याने कोणाला तरी विचारलेले असावे. असे विचारल्याची नोंद प्रबंधांत अपवादानेच आढळते.

विद्यापीठीय नियमांनुसार पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. सूचना फलकावर लागते, विभागात चहा होतो, बहिःस्थ परीक्षक दोन प्रश्न विचारतात, आणि उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचे आहे काय, अशी पृच्छा रीतीप्रमाणे केली जाते. उपस्थितांत विभागातील प्राध्यापक असतात, मागच्या रांगेत पुढच्या वर्षीचे उमेदवार असतात. ज्यांच्या जगण्यावर प्रबंध आहे त्यांच्यापर्यंत ती सूचना पोहोचवण्याची तरतूद नियमात नाही, आणि नियमात तिला मनाईही नाही.