महायुद्धकाळातील फार्स : धान्य, खेचरे आणि परक्या पलटणी

फार्स हा इराणचा नैर्ऋत्येकडचा प्रांत. शिराझ ही त्याची राजधानी, बुशेहर हे त्याचे तेव्हाचे बंदर. आणि या दोहोंमधल्या तीनेकशे किलोमीटरच्या डोंगरवाटेवर प्रांताचा बहुतेक परदेशी व्यापार अवलंबून होता. पहिल्या महायुद्धात इराण तटस्थ राहिला. १ नोव्हेंबर १९१४ रोजी अहमदशाहाच्या सरकारने तशी घोषणाही केली. परंतु तटस्थता राखायला फौज लागते आणि खजिना लागतो. तेहरानपाशी यांपैकी काहीच धड नव्हते. उत्तरेत रशियन सैन्य युद्धाआधीपासूनच तळ देऊन होते, पश्चिमेकडून तुर्क आत शिरले आणि दक्षिण किनाऱ्यावर इंग्रज उतरले. फार्समध्ये युरोपातल्यासारखी मोठी लढाई एकही झाली नाही. तरीही युद्ध संपले तेव्हा हा प्रांत उपासमार आणि साथ यांनी खिळखिळा झालेला होता. त्याची कारणे रणांगणावर थोडी आणि बाजारात जास्त सापडतात.

बुशेहरहून निघालेला तांडा बोराझजान, दालकी, कमारिज, काझेरून असे मुक्काम करत डोंगर चढे. शिराझचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, आणि वाटेतले काही घाट त्याहूनही उंच. चाकाची गाडी या वाटेवर चालत नसे. सारा माल खेचरांच्या नाहीतर गाढवांच्या पाठीवरून जाई. वर जाणाऱ्या मालात चहा, साखर आणि कापड असे, आणि त्यातला बराचसा मुंबईहून आलेला असे. खाली येणाऱ्या मालात अफू, डिंक, बदाम, लोकर आणि गालिचे. मुंबईशी हा संबंध जुना होता. डोंगरीतली मोगल मशीद १८६० मध्ये हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्यानेच बांधली.

वाटेचा बंदोबस्त मात्र कोणा एकाच्या हाती नव्हता. प्रत्येक टप्प्यावरचा खान आपल्या बंदूकधाऱ्यांकरवी राहदारी वसूल करी. प्रांताच्या पश्चिमेस कश्काई टोळ्यांचा संघ होता आणि त्यांचा प्रमुख होता इस्माईल खान सौलतुद्दौला. पूर्वेकडच्या पाच टोळ्यांचा ‘खमसे’ हा संघ शिराझच्या कवाम घराण्याच्या ताब्यात होता. हे घराणे मुळात व्यापाऱ्यांचे, त्यामुळे वाट वाहती राहण्यात त्याचे हितच होते. १९११ मध्ये स्वीडिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली जांदार्मरी हे सरकारी दल उभारले गेले ते मुख्यतः वाटा सुरक्षित करण्यासाठी. जुनी व्यवस्था अन्यायी होतीच. पण व्यापाऱ्याला कुठे किती द्यावे लागेल हे ठाऊक असे, आणि माल पोचत असे. युद्धाने पहिला घाव घातला तो या अंदाजावर.

१९०७ च्या इंग्रज–रशियन कराराने इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले, त्यात फार्सचा बराचसा भाग कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता. १९१५ च्या वसंतात दोन्ही सत्तांनी गुप्तपणे ठरवून हा मधला पट्टाही इंग्रजांच्या पदरात टाकला. इराणी सरकारला कोणी विचारले नाही. त्याच वर्षी विल्हेल्म वासमुस हा बुशेहरचा माजी जर्मन वकील किनाऱ्यामागच्या तंगिस्तान भागात पोचला आणि तिथल्या खानांना त्याने इंग्रजांविरुद्ध उभे केले. इंग्रजांवरचा त्या लोकांचा राग मात्र त्याने पेरलेला नव्हता, तो आधीचाच होता. जुलैमध्ये बुशेहरजवळच्या चकमकीत दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. ८ ऑगस्टला इंग्रजांनी बुशेहर ताब्यात घेतले आणि इराणी टपाल तिकिटांवर आपल्या ताब्याचा शिक्का छापून ती चालवली. सप्टेंबरच्या सुरुवातीस तंगिस्तानींचा पुढारी रईस अली देलवारी मारला गेला. नोव्हेंबरमध्ये शिराझच्या जांदार्मरीतल्या राष्ट्रवादी अधिकाऱ्यांनी इंग्रज वकील ओकॉनर याच्यासह तिथल्या इंग्रज वसाहतीला कैद केले. बुशेहरची वाट व्यापाराला जवळजवळ बंद झाली.

पुढच्या वर्षी इंग्रजांनी दोन बाजूंनी हात घातला. कवाम घराण्याचा परागंदा झालेला प्रमुख कवामुल्मुल्क याला पैसा आणि शस्त्रे देऊन परत पाठवले. तो वाटेत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मेला, पण त्याचा मुलगा इब्राहिम खान शिराझ घेऊनच थांबला. दुसरीकडे मार्च १९१६ मध्ये इंग्रज सेनाधिकारी पर्सी सायक्स मूठभर अधिकारी आणि हिंदी शिपाई घेऊन बंदर अब्बासला उतरला. केरमान, यझ्द, इस्फहान अशी फेरी घालत नोव्हेंबरमध्ये तो शिराझला आला आणि जांदार्मरीचे उरलेसुरले लोक त्याने आपल्या नव्या दलात सामील करून घेतले. ‘साउथ पर्शिया रायफल्स’ नावाच्या या दलात शिपाई इराणी, वरिष्ठ अधिकारी इंग्रज आणि कणा हिंदी पलटणींचा होता. अकरा हजारांचे लक्ष्य ठरवलेले होते. १९१७ अखेर संख्या आठ हजारांच्या आसपास पोचली. इराणी लोक या दलाला ‘पोलिस-ए-जनूब’ म्हणजे दक्षिणेचे पोलीस म्हणत, आणि त्यात आपलेपणाचा लवलेश नव्हता. तेहरानमध्ये एका मंत्रिमंडळाने दलाला मान्यता दिली, पुढच्यांनी ती नाकारली. शिपायाला मिळणारा पगार परक्यांचा आणि शपथ कोणाशी, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

आठ हजार माणसे हा आकडा युरोपच्या आघाडीवर नगण्य ठरला असता. फार्ससारख्या प्रांतात त्याचा एक हिस्साही प्रचंड होता, कारण तिथला धान्याचा बाजार फार पातळ होता. शेतकरी बहुतांशी जमीनदाराचे कूळ, पीक आले की मालकाचा हिस्सा, बियाणे आणि सावकाराचे देणे वजा होई. जे विक्रीला उरे ते प्रामुख्याने जमीनदाराच्या कोठारातून, आणि थोडे. या थोड्या धान्यावर शहर जगत असे. त्यात रोख पैसे मोजणारे, नड असलेले आणि थांबू न शकणारे नवे गिऱ्हाईक आले, की भाव कुठे जाईल हे सांगायला नको. लष्कराने जबरदस्तीने धान्य उचलले नाही तरी परिणाम तोच. धान्य ज्याच्याजवळ होते त्याला ते दाबून ठेवणेच फायद्याचे झाले.

भाव जसा धान्यावर ठरे तसाच वाहतुकीवरही. एका खेचरावर सव्वाशे-दीडशे किलो ओझे लादता येई. बुशेहर ते शिराझ चढाला दहा-बारा दिवस. खेचराला रोज तीनेक किलो जव लागतात असे धरले तर जाण्यात छत्तीस किलो आणि येण्यात जवळपास तितकेच लागणार. वाटेवर चारा-दाणा मिळत असेल तर ठीक, नसेल तर खेचर स्वतःच्या पाठीवरच्या ओझ्यातला जवळजवळ निम्मा भाग खाऊनच परतते. म्हणून दुष्काळात बाहेरून धान्य आणून शहर जगवणे या मुलखात गणितानेच अवघड होते. आणि नेमकी हीच जनावरे पलटणींना हवी होती. तंबू, दारूगोळा, शिधा, आजारी माणसे, सारे त्यांच्याच पाठीवर. खेचरे लष्करी भाड्याला लागली, काही वेठीला धरली गेली, काही लुटीत गेली. चारवादार, म्हणजे तांडे हाकणारे लोक, जनावर हातचे जाईल या भीतीने ती गावाबाहेर डोंगरात लपवू लागले. व्यापाऱ्याच्या मालाला भाडे परवडेना. जव, जे एरवी गरिबाच्या भाकरीतही जातात, त्यांना जनावरांच्या तोबऱ्यात जास्त भाव मिळू लागला. उपासमारीचे हे कारण सैन्याच्या संख्येत दिसत नाही. ते समजायला त्याचा तांडा मोजावा लागतो.

तिसरी अडचण नाण्याची. इराणचा किरान चांदीचा, दहा किरानांचा एक तुमान. युद्धकाळात जगभर चांदी महागली. युद्धापूर्वी एका पौंडाला पन्नासाहून अधिक किरान मिळत. युद्ध संपता संपता त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळू लागले. नोटा काढण्याचा मक्ता इंपीरियल बँक ऑफ पर्शिया या इंग्रज बँकेकडे होता, आणि नोट ज्या शाखेने काढली तिथेच ती वटत असे. त्यामुळे शिपाई, चारवादार आणि धान्यवाला, सगळ्यांना रोख चांदीच हवी असे. ती हिंदुस्थानातून आणावी लागे. महाग किरानामुळे खरे तर परदेशी माल स्वस्त व्हायला हवा होता. पण जहाजे युद्धाच्या कामाला गुंतलेली आणि घाटवाट बंद, मग स्वस्ताईचा उपयोग काय? निर्यातदाराला मात्र दुहेरी फटका बसला: अफू आणि गालिच्यांचे पौंडांतले मोल किरानांत आणताच निम्मे होई. चांदी प्रांतात आली ती परक्या फौजेच्या हातून, आणि गेली कोठारवाल्या जमीनदाराकडे, रसद पुरवणाऱ्या मक्तेदाराकडे, तनख्यावर बांधलेल्या खानाकडे. शिराझच्या कारागिराच्या किंवा हमालाच्या हाती ती क्वचितच लागली. भट्टीवरच्या नानाचा चढलेला भाव मात्र त्याला रोज द्यावा लागला.

१९१७ मध्ये पावसाने दगा दिला आणि इराणभर दुष्काळ पसरला. सर्वांत भीषण हाल पश्चिमेकडे, हमदान-केरमानशाह भागात झाले. रशियन आणि तुर्की फौजा तिथून आलटून पालटून गेल्या होत्या. तिथे इंग्रज जनरल डन्स्टरव्हिलने भुकेल्यांना रस्त्याच्या कामावर लावून मजुरी दिली. अशा मजुरीने काही जीव वाचले हे नाकारता येणार नाही. पण नवे धान्य न आणता मजुरी वाटली, तर रांगेतली जागा बदलते, रांग लहान होत नाही. देशभरात किती माणसे मेली याबद्दल इतिहासकारांचे अंदाज काही लाखांपासून कित्येक दशलक्षांपर्यंत जातात. शिरगणती झालेलीच नव्हती, त्यामुळे मोठे आकडे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपाशीही पुरावा अपुराच आहे.

फार्समध्ये दुष्काळात भर पडली ती १९१८ च्या बंडाची. मे महिन्यात खान-ए-झेनियान ठाण्याजवळ ओझ्याच्या जनावरांच्या चोरीच्या आरोपावरून कश्काईंपैकी दर्रेशूरी टोळी आणि रायफल्सचे शिपाई यांच्यात चकमक उडाली. इतक्या क्षुल्लक कारणावरून युद्ध पेटले असे तेव्हा लिहिले गेले. पण जनावर म्हणजेच वाहतूक आणि वाहतूक म्हणजेच अन्न अशा वर्षात हे कारण क्षुल्लक नव्हते. सौलतुद्दौला हजारो बंदूकधारी घेऊन उतरला. खान-ए-झेनियानच्या ठाण्यातल्या इराणी शिपायांनी आपल्याच इंग्रज अधिकाऱ्यांना मारले. शिराझला वेढा पडला, शहरातही उठाव झाला. पीक कापणीच्या ऐन दिवसांत शहराभोवतीची शेते लढाईत सापडली. जुलैपर्यंत वेढा उठला, त्यात हिंदी पलटणींच्या चिवटपणाइतकाच वाटा राज्यपाल फर्मानफर्माच्या राजकारणाचाही होता. त्याने सौलतच्या भावाला कश्काईंचा प्रमुख नेमून टोळीतच फूट पाडली.

ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझा आला. दक्षिण इराणात तो येण्याचा एक मार्ग मुंबई ते बुशेहर ही लष्करी जलवाहतूक होता असे इतिहासकार मानतात. त्या वर्षी मुंबई इलाख्यातही पावसाने दगा दिला होता आणि तिथेही हीच साथ माणसे नेत होती, त्यामुळे त्या बाजूने धान्याची मदत येण्याची आशा फोल होती. शिराझची वस्ती सुमारे पन्नास हजार. त्यांतले दहा हजार लोक दगावले असा सायक्सचा अंदाज आहे. टोळ्यांमध्ये आणि रायफल्समध्येही माणसे मोठ्या संख्येने गेली. वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या शरीरांत साथीला तोंड देण्याचे बळ उरले नव्हते.

युद्ध थांबल्यावर इंग्रजांनी बुशेहरच्या बाजूने मोठी फौज वर चढवली आणि १९१९ च्या सुरुवातीस काझेरूनमार्गे वाट पुन्हा खुली केली. फौजेच्या रसदीसाठी बुशेहर ते बोराझजान अशी साठेक किलोमीटरची रेल्वेही टाकली. वेळ होती तेव्हा अशी रेल्वे आणि गाडीरस्ता असता तर दुष्काळात शिराझपर्यंत धान्य पोचवता आले असते. पण ती प्रांतासाठी नव्हतीच, फौजेसाठी होती, आणि फौजेबरोबरच गेली: काही वर्षांतच रूळ उखडले गेले. साउथ पर्शिया रायफल्सचा खर्च लंडन आणि दिल्ली यांना नकोसा झाला होता. फेब्रुवारी १९२१ मध्ये तेहरानात रझाखान या लष्करी अधिकाऱ्याचे बंड झाले आणि त्याच वर्षी हे दल मोडण्यात आले. बुशेहरच्या व्यापारालाही उतरती कळा लागली. १९३८ मध्ये कास्पियन समुद्र आणि पर्शियन आखात जोडणारा लोहमार्ग पुरा झाला तेव्हा तो खुझिस्तानातून काढलेला होता; फार्सच्या वाट्याला तो आला नाही.