निरोगी माणसाला हात लावताना

आजारी माणूस दवाखान्यात आपणहून येतो, काहीतरी दुखतंय म्हणून. प्रतिबंधक वैद्यक मात्र उलट्या वाटेनं चालतं. ज्याला काहीच होत नाही त्याच्या दारात जाऊन ते म्हणतं, लस टोचून घ्या, रक्त तपासा, दाब मोजू द्या. अशा माणसाला इजा झाली तर ‘काय करणार, आजारच तसा होता’ ही सबब चालत नाही. ऐकायला हे साधं वाटतं, पण वैद्यकाला ते पचवायला शंभरेक वर्षं लागली. त्या प्रवासाचे काही महत्त्वाचे टप्पे आपल्याच मुलखात पडले.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथंच लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात हीच लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वातानं मृत्यू झाला. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. दोष लस तयार करण्यात नव्हता. गावात बाटली उघडताना ती दूषित झाली होती. म्हणजे प्रतिबंधाच्या मोठ्या मोहिमेतच सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला. मात्र त्याचं उत्तर ‘बाटली स्वच्छ ठेवा’ एवढ्यावरच थांबलं.

ते उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी भेसळ असलेलं ग्लिसरॉल दिल्यानं १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला आणि औषध प्रशासनाचे वाभाडे निघाले. तेव्हाही चर्चा होती ती बाटलीत काय होतं याचीच. योगायोग असा, की त्याच वर्षी बेल्जियममधले एक फॅमिली डॉक्टर, मार्क जमूल, वेगळंच काही मांडत होते. रोग होऊ न देणं, झालेला लवकर पकडणं, जडलेल्याचे परिणाम कमी करणं या प्रतिबंधाच्या तीन पायऱ्या सर्वांना ठाऊक होत्या. जमूल यांनी चौथी जोडली : वैद्यकाच्याच अतिरेकापासून माणसाला वाचवणं. औषध शुद्ध आहे, डॉक्टर तरबेज आहे, शस्त्रक्रियाही नीट पार पडली; तरीही इजा होऊ शकते, कारण मुळात ती करायचीच नव्हती. हा विचार एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला नव्हे, तर फॅमिली डॉक्टरला सुचला, यात मला नवल वाटत नाही. माणूस पुढची दहा वर्षं आपल्याच दारात येणार हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच हे दिसतं.

हा विचार खरा किती, हे आपल्याकडच्या दोन शेजारी जिल्ह्यांनी दाखवलं.

पहिला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीनं तिथं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले. काहींत एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. काहींत यातलं काहीच नाही. निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींचा तसा ठाम फायदा त्या अभ्यासात दिसला नाही. तपासणी न झालेल्या गटातल्या बायकांचं काय, हा नैतिक प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. तरी ‘चांगलं वाटतं’ आणि ‘खरोखर जीव वाचवतं’ यांतला फरक मोजून दाखवणारं इतकं मोठं काम आपल्या ग्रामीण भागात क्वचितच झालं असेल.

दुसरा जिल्हा लगतचाच, बीड. भीती त्याच कर्करोगाची, उपाय मात्र सरसकट गर्भपिशवी काढून टाकण्याचा. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई डॉक्टरकडे जायची. अनेकदा गोळ्यांनी बरं होणारं हे दुखणं. तिला सांगितलं जायचं, ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.’ त्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असायची आणि पाळीत खाडा झाला की दंड. मग बाईलाही ते सोयीचं वाटायचं. २०१९मध्ये शासनाच्या समितीसमोर जे आकडे आले, त्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा जणींमागे एक. प्रतिबंधाच्या नावाखाली घडलेली ही इजा आहे आणि तिच्यात बाटली कुठंही दूषित नव्हती.

हे इंदापूर तालुक्यातल्या डाळजला दूरचं वाटायचं कारण नाही. पुणे-सोलापूर महामार्ग आणि उजनीचा फुगवटा यांच्या मधला हा पट्टा उसाचा. दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या इंदापूर-बारामतीच्या कारखान्यांसाठी येतात, फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि बाईचं दुखणंही तिच्याबरोबर येतं. इथल्या डॉक्टरला ती चार-पाच महिने भेटते, पुढच्या वर्षी भेटेलच असं नाही. तिच्याजवळ कागद नसतो. आधी काय तपासलं, काय दिलं, कुणी काय सांगितलं, हे कुणालाच माहीत नसतं. वेल्सच्या खाणकामगारांच्या गावात प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वर्षानुवर्षं नोंदी ठेवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये लिहिलं होतं, की ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. ऊसतोड बाईकडे पाहिलं की त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते : तिच्या वाट्याला सेवा कमी येते आणि शस्त्रक्रिया जास्त.

बीडमध्ये आता अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. चांगलंच आहे. पण परवानगी शेवटच्या दारावर थांबवते. त्याआधीची सगळी दारं उघडीच आहेत. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आरोग्य उपकेंद्रं आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी, उपकेंद्रांनी आणि फॅमिली डॉक्टरांनी मिळून येत्या हंगामात एवढं करावं : टोळी उतरली की प्रत्येक बाईच्या हातात तिच्या तपासण्यांचा आणि औषधांचा कागद द्यावा, तो ती गावी घेऊन जाईल असा. आणि कुणीही पिशवी काढायचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, हे तिला कोपीवर जाऊन, तिच्या भाषेत सांगावं.