ओषधी ही माउली



ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. ऋग्वेदातील ऋषीने हीच हाक वनस्पतींना घातली आहे. दहाव्या मंडलातील ९७ वे सूक्त हे ओषधिसूक्त होय. त्याच्या २३ ऋचांत ऋषी वनस्पतींना माता म्हणतो, त्यांची एकशेसात स्थाने सांगतो आणि मूळ खणताना विनवतो की, खणणाऱ्याला अपाय न होवो, ज्याच्यासाठी खणले त्यालाही न होवो. आमची माणसे, आमची गुरेढोरे निरोगी राहोत. केवढे हे मायेचे मागणे!

आपल्या गळ्यात तुळशीची माळ, आयाबहिणींच्या डोईवर तुळशीवृंदावन. त्या सूक्तात तुळशीचे नाव नाही. पण चरकसंहितेत ती 'सुरस' या नावाने येते. सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात तिचे गुण दिले आहेत. उचकी, खोकला, दमा आणि बरगडीतील कळ यांवर ती गुणकारी म्हटली आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीतील एक वृद्ध माळकरी खोकू लागले. अंगात ताप, बरगडीत कळ. आम्ही मोठ्या तोऱ्याने चरकाचे नाव घेतले, तुळशी-सुंठीचा काढा दिला आणि म्हटले, "बाबा, पांडुरंगाचं औषध आहे, दुसरं काही नको." ते बिचारे तीन मुक्काम तेच घेत चालले. चौथ्या दिवशी धाप आवरेना. वाटेवरच्या औषधोपचाराच्या तंबूतील डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि तडक इस्पितळात धाडले. न्यूमोनिया होता. विठ्ठलकृपेने ते वाचले. पण त्यांची आषाढी आमच्यामुळे चुकली.

घरी येऊन पुन्हा चरक उघडला. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात उत्तर होते. गुराखी, मेंढपाळ, रानात राहणारे यांनाही वनस्पतीचे नाव-रूप ठाऊक असते. पण तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही. देश, काळ आणि माणूस पाहून जो औषध योजतो तो वैद्य. न जाणता दिलेले औषध विषासारखे, जाणून दिलेले अमृतासारखे. आम्ही सत्ताविसावा अध्याय वाचला होता, पहिला वाचलाच नव्हता!

आणि ओषधिसूक्त तरी काय सांगते? राजे सभेत जमावेत तशा ज्याच्यापाशी ओषधी जमतात, तोच भिषक. म्हणजे जाणत्याचा मान वेदानेच ठेवला आहे. मग तंबूतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्याने तुळशीवरची निष्ठा कशी ढळेल?

तुळस गळ्यात असो, अंगणात असो. साध्या पडशाला काढाही जरूर घ्यावा. पण ताप उतरत नाही, धाप लागते, तेव्हा माळेची परीक्षा पाहू नये. माउली काय एकाच हाताने लेकराला सांभाळते? कधी ती पाल्यातून येते, कधी सुई घेऊन येते. तिला ओळखावे.

त्याच वर्षी कार्तिकीला ते बाबा पंढरीस आले. आम्ही त्यांचे पाय धरले. ते हसून म्हणाले, "अहो, काढा चांगलाच होता. उशीर तेवढा तुमचा होता."

रामकृष्णहरि!