रमजानचे दिनविशेष आणि तारीख नसलेली रात्र

रमजानचा चंद्र दिसण्यापूर्वीच आपल्या घरांच्या भिंतींवर सहरी-इफ्तारचे वेळापत्रक लागलेले असते. मशिदीच्या वतीने किंवा मोहल्ल्यातील एखाद्या दुकानदाराच्या वतीने छापलेल्या त्या कागदावर तीस रकाने असतात. काही वेळापत्रकांत त्या रकान्यांशेजारी दिनविशेषही दिलेले असतात. ३ रमजान, ह. फातिमा (रजि.) यांचे निधन. १७ रमजान, बद्रची लढाई. २० रमजान, मक्का विजय. मुले ते वाचतात, पाठ करतात, प्रश्नमंजूषेत बक्षिसे मिळवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या समाजाला आपला इतिहास ठाऊक नाही, त्याला आपली वाटही ठाऊक नसते. परंतु तारीख पाठ झाली म्हणजे तिचा हक्क अदा झाला, असे समजणे योग्य नाही. या तारखा आपल्याकडून काही मागतात. काय मागतात, याचा आज थोडा विचार करू या.

आपल्या सनाचा आरंभ

प्रथम आपल्या दिनगणनेकडेच पाहा. ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी सन १७ च्या सुमारास, राज्यकारभाराच्या पत्रांवर निश्चित सन असावा अशी गरज भासू लागली. महिना लिहिलेला असे, पण तो कोणत्या वर्षाचा, हे कळत नसे. सहाबांची सल्लामसलत झाली. सनाचा आरंभ कोठून करावा, यावर निरनिराळी मते मांडली गेली. अखेर निवड झाली ती हिजरतीची, म्हणजे सत्यासाठी घरदार मागे सोडून निघण्याच्या घटनेची. आपला सन प्रेषितांच्या (स.) जन्मापासून सुरू होत नाही, की एखाद्या रणांगणातील विजयापासूनही नाही. तो एका त्यागापासून मोजला जातो. ज्या समाजाच्या वर्षांची मोजणीच त्यागापासून होते, त्याने आपले दिनविशेष केवळ अभिमानाने मिरवावेत, हे त्याला शोभत नाही.

घरातील दोन तारखा

रमजानच्या पहिल्या दहा दिवसांतील दोन तारखा रणांगणाच्या नाहीत, घराच्या आहेत. इतिहासकारांत काही तारखांबाबत मतभेद आहेत, तथापि प्रसिद्ध मतानुसार ३ रमजान हिजरी ११ रोजी ह. फातिमा (रजि.) यांचे निधन झाले. पिता जगातून गेल्यानंतर त्या केवळ सहा महिने जगल्या. जाते दळून त्यांच्या हातांवर घट्टे पडले होते. मदतीला एखादा सेवक मिळावा म्हणून त्या पित्याच्या घरी गेल्या, पण भेट झाली नाही. रात्री प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या घरी आले आणि सेवकाऐवजी त्यांनी मुलीला व जावयाला झोपण्यापूर्वीचा जिक्र शिकवला. ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर. आज कष्टकरी घरातील प्रत्येक माता-भगिनीच्या वाट्याला ही संपत्ती आलेली आहे.

१० रमजान हा ह. खदीजा (रजि.) यांच्या निधनाचा दिवस मानला जातो. प्रेषित्वाचे ते दहावे वर्ष होते. हिरा गुहेतून थरथरत घरी आलेल्या पतीला ज्यांनी पहिला धीर दिला, त्या याच. अल्लाह तुम्हाला कदापि अपमानित करणार नाही, कारण तुम्ही नाती जोडता, दुर्बलांचे ओझे उचलता, पाहुण्यांचा आदर करता, असे सांगून त्यांनी पतीला सावरले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रेषितांच्या (स.) चारित्र्याची साक्ष देताना या पत्नीने सर्वप्रथम नाती जोडण्याच्या गुणाचा उल्लेख केला. त्यांच्या निधनानंतर प्रेषितांच्या (स.) घरी बकरी कापली जाई, तेव्हा ते तिचे मांस खदीजांच्या मैत्रिणींकडे आठवणीने पाठवीत. मृत व्यक्तीचे स्मरण कसे करावे, हे यापेक्षा सुंदर रीतीने कोण शिकवील?

१५ रमजान हिजरी ३ रोजी ह. हसन (रजि.) यांचा जन्म झाला. या नातवाच्या हातून अल्लाह मुस्लिमांच्या दोन मोठ्या गटांत समेट घडवून आणील, अशी आशा प्रेषितांनी (स.) व्यक्त केली होती. हिजरी ४१ मध्ये ती खरी ठरली. रक्तपात टळावा म्हणून ह. हसन (रजि.) यांनी खिलाफतीवरील आपला अधिकार सोडला. सत्ता मिळवणाऱ्यांची नावे इतिहासात पुष्कळ आहेत, समेटासाठी ती सोडणाऱ्यांची मात्र मोजकीच.

१७ रमजान

हिजरी २ चा रमजान हा रोजे फर्ज झाल्यानंतरचा पहिला रमजान. त्याच महिन्याच्या १७ तारखेला बद्रच्या मैदानात सुमारे ३१३ ईमानधारक सुमारे एक हजाराच्या सैन्यासमोर उभे राहिले. त्यांच्याकडे ७० उंट आणि दोन घोडे होते. दिव्य कुरआनने या दिवसाला ‘यौमुल फुरकान’, म्हणजे सत्य आणि असत्य वेगळे करणारा दिवस म्हटले आहे. आकडे आपल्या मुलांना पाठ असतात, परंतु त्या आकड्यांच्या आसपास जे घडले ते फारसे सांगितले जात नाही.

उंट कमी होते, म्हणून तिघांना मिळून एक उंट आला. प्रेषितांच्या (स.) उंटावरही आणखी दोन साथीदारांची पाळी होती. तुम्ही बसा, आम्ही पायी चालतो, असे त्यांनी विनवले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, चालण्याची शक्ती तुमच्यात माझ्यापेक्षा अधिक नाही आणि पुण्याची गरज मलाही तुमच्याइतकीच आहे. सेनापती आपल्या पाळीला पायी चालला.

युद्धात ७० शत्रू कैद झाले. हे तेच लोक होते ज्यांनी मक्केत ईमानधारकांचा छळ केला होता. तरीही त्यांच्याशी चांगले वागण्याची ताकीद देण्यात आली. त्यांच्यापैकी एका कैद्याने पुढे सांगितले की, अन्सार जेवायला बसले की भाकरी मला देत आणि स्वतः खजुरांवर भागवीत. कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्या सुटकेची अट ठरली अन्सारांच्या मुलांना लिहायला शिकवण्याची. बद्रचा विजय साजरा करण्याची इच्छा असलेल्या वस्तीने आपल्या मुलांच्या शाळेकडे पाहिले, तर ते या दिवसाच्या अधिक जवळ जाईल.

आणखी एक प्रसंग. ह. उस्मान (रजि.) बद्रच्या मैदानात नव्हते. त्यांची पत्नी आणि प्रेषितांची (स.) कन्या ह. रुकय्या (रजि.) अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी प्रेषितांनीच (स.) उस्मान यांना मदीनेत थांबवले. विजयाची वार्ता शहरात पोहोचली तेव्हा रुकय्या यांचे दफन होत होते. प्रेषितांनी (स.) उस्मान यांना बद्रमध्ये सहभागी झालेल्यांइतकाच वाटा दिला आणि तितक्याच पुण्याची ग्वाहीही दिली. घरातील आजारी माणसाची सेवा करण्यात ज्यांची तरावीह चुकते, ज्यांना मशिदीत एतेकाफ करता येत नाही, त्यांनी मन छोटे करू नये. बद्रच्या यादीत एक नाव आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचेही आहे.

याच १७ तारखेला, हिजरी ५८ मध्ये, ह. आयशा (रजि.) यांचे निधन झाले. त्यांच्यावर एकदा खोटा आळ घेतला गेला होता आणि ती अफवा पसरवण्यात काही आपले लोकही सामील झाले होते. त्यांपैकी मिस्तह हे ह. अबू बक्र (रजि.) यांचे गरीब नातलग होते आणि अबू बक्र यांच्याच मदतीवर जगत होते. दुखावलेल्या पित्याने मदत बंद करण्याची शपथ घेतली. तेव्हा सूरह अन-नूरमध्ये विचारणा झाली, तिचा आशय असा की, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय? अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. आळ घेणाऱ्यांत हस्सान हे कवीही होते. पुढे कोणी आयशा (रजि.) यांच्यासमोर त्यांना नावे ठेवू लागला, तर त्या त्याला थांबवीत. हस्सान यांनी आपल्या वाणीने प्रेषितांचा (स.) बचाव केला होता, याची आठवण त्या करून देत. ज्याने आपल्याला दुखावले त्याचे चांगले काम लक्षात ठेवणे ही क्षमेची फार वरची पायरी आहे.

२० रमजान

हिजरी ८ च्या रमजानमध्ये दहा हजार साथीदारांसह प्रेषितांनी (स.) मक्केत प्रवेश केला. आठ वर्षांपूर्वी ज्या शहरातून रात्री निघावे लागले, त्याच शहरात ते दिवसाउजेडी परतत होते. विजेत्याची मान ताठ नव्हती, नम्रतेने ती उंटाच्या पाठीपर्यंत झुकली होती. आज रक्तपाताचा दिवस आहे, असे एका सरदाराच्या तोंडून निघाले, तेव्हा प्रेषितांना (स.) ते आवडले नाही. हा काबागृहाच्या सन्मानाचा दिवस आहे, असे सांगून त्यांनी त्या सरदाराच्या हातातील ध्वज काढून घेतला आणि त्याच्याच मुलाकडे सोपवला. शब्द दुरुस्त झाला आणि माणूसही दुखावला नाही. त्यानंतर मक्केच्या लोकांसाठी आम माफी जाहीर झाली. काबागृहाची किल्ली ज्या घराण्याकडे होती त्याच्याकडेच परत देण्यात आली, आणि ज्यांना या शहराच्या तापलेल्या वाळूवर लोळवले गेले होते, त्या ह. बिलाल (रजि.) यांनी काबागृहाच्या छतावरून अजान दिली.

प्रेषित (स.) कोठे मुक्काम करणार, असे विचारले गेले. जन्मगावी त्यांचे घर होते, पण ते दुसऱ्यांच्या ताब्यात गेले होते. अकील याने आमच्यासाठी घर शिल्लक ठेवले आहे काय, एवढेच ते म्हणाले आणि तंबूत उतरले. संपूर्ण शहर हाती असताना त्यांनी स्वतःचे घर मागितले नाही. आज दोन भावांमध्ये एका भिंतीवरून, शेताच्या बांधावरून, आईच्या दागिन्यांवरून वर्षानुवर्षे अबोला असतो. दोघेही रोजे ठेवतात, दोघेही २० रमजानला मक्का विजयाचे व्याख्यान ऐकतात, आणि ते संपल्यावर मशिदीच्या दोन वेगवेगळ्या दरवाजांतून बाहेर पडतात.

२१ रमजान

क्षमा हरवली की काय होते, हे २१ रमजान हिजरी ४० सांगतो. कूफ्याच्या मशिदीत पहाटे झालेल्या हल्ल्यात घायाळ झालेले ह. अली (रजि.) या दिवशी शहीद झाले. हल्लेखोर बाहेरचा शत्रू नव्हता. तो नमाज-रोजा करणारा, कुरआन पढणारा होता, आणि आपल्याशी मतभेद असलेल्यांना काफिर ठरवणाऱ्या खारिजींच्या गटातील होता. जखमी अलींनी त्याच्याबाबत ताकीद केली की, त्याला चांगले खाऊ-पिऊ घाला. मी वाचलो तर निर्णय मी घेईन. मी गेलो, तर एका वाराबद्दल एकच वार करा, त्याच्या देहाची विटंबना करू नका. मृत्युशय्येवरही न्यायाची मर्यादा त्यांनी ओलांडू दिली नाही.

त्यानंतरही रमजानच्या पानांवर मोठ्या घटना आहेत. २५ रमजान ६५८ रोजी ऐन जालूत येथे मंगोलांची घोडदौड रोखली गेली. आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन, १५ ऑगस्ट १९४७, हाही रमजानमध्येच आला होता, आणि तो अखेरच्या जुम्याचा दिवस होता. तो आनंद आणि त्याच दिवसांत वाहिलेले निरपराधांचे रक्त, दोन्ही लक्षात ठेवले पाहिजे. वीस रमजानचा धडा विसरलेल्या माणसांच्या हातून काय होते, हे त्या दिवसांनी दाखवले.

ज्या रात्रीची तारीख उचलली गेली

आता त्या वेळापत्रकाकडे पुन्हा पाहा. रमजानची सर्वांत मोठी घटना म्हणजे दिव्य कुरआनचे अवतरण, आणि सर्वांत मोठी रात्र म्हणजे हजार महिन्यांहून श्रेष्ठ असलेली लैलतुल कद्र. पण तिच्यासाठी एकच निश्चित रकाना नाही. अखेरच्या दहा दिवसांतील विषम रात्रींत तिचा शोध घ्यावा लागतो.

असे का? ह. उबादा बिन सामित (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) ती रात्र कोणती हे सांगण्यासाठी घरातून बाहेर आले. त्या वेळी दोन मुस्लिम आपसांत भांडत होते. तेवढ्यात तिच्या निश्चितीचे ज्ञान उचलले गेले. कदाचित यातच तुमचे भले असेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि ती रात्र शोधण्याचा आदेश दिला.

बंधू-भगिनींनो, या हदीसवर क्षणभर थांबा. दोन माणसांच्या भांडणामुळे संपूर्ण उम्मत एका तारखेला मुकली. मग आपल्या घरात, आपल्या जमातीत, मशिदीच्या विश्वस्त मंडळात चाललेल्या भांडणांमुळे आपण कशाकशाला मुकत असू? एका मुस्लिमाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरणे वैध नाही, आणि दोघांत श्रेष्ठ तो जो आधी सलाम करतो, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. आपण वर्षे मोजत बसलो आहोत.

ही रात्र मिळाली तर काय मागावे, असे ह. आयशा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारले होते. शिकवलेली दुआ अगदी लहान आहे. हे अल्लाह, तू क्षमाशील आहेस, तुला क्षमा प्रिय आहे, मला क्षमा कर, असा तिचा आशय. ज्याला क्षमा प्रिय आहे, त्याच्या दारी मनात वैर ठेवून क्षमा मागायला कसे जावे?

म्हणून यंदा वेळापत्रकावरील दिनविशेष मुलांना वाचून दाखवताना एक रकाना मोकळा ठेवा. ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याच्या घरी इफ्तारचे ताट घेऊन जाण्याचा तो दिवस. भाऊ असेल, नणंद असेल, शेजारी असेल. चूक कोणाची होती, हे त्या दिवशी काढू नका. ती तारीख कोणत्याही छापील वेळापत्रकात येणार नाही. पण ती लिहून घेणारे आपल्या दोन्ही खांद्यांशी आहेत, आणि त्यांच्या नोंदीत काही सुटत नाही.

अल्लाह आपली मने जोडो, आपले रोजे आणि आपल्या नमाजा स्वीकारो, आणि त्या रात्री आपल्याला क्षमा झालेल्यांत सामील करो. आमीन.