पूजा आणि निगा

खंडेनवमीच्या सकाळी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून पायी हिंडण्याची मला हौस आहे. एरवी त्या बाजूला कुणी हौसेने जाईल असे नाही. लोखंडाचे कारखाने, सळयांचा खणखणाट, धूळ आणि धूर. पण त्या दिवशी सळया वाहणारे मालट्रक न्हाऊन-माखून रांगेने उभे असतात. नाकावर झेंडूची माळ, काचेवर गंधाचा टिळा, चाकाखाली लिंबू. चालक नवा सदरा घालून हात जोडून उभा. ज्याच्यावर आपले पोट, त्याच्यापुढे माणसाने वर्षातून एकदा तरी मान लववावी, ही कल्पनाच मला गोड वाटते. यंत्राला जीव नाही हे त्या चालकाला का ठाऊक नसते? पण समोरच्याला कळावी म्हणूनच कृतज्ञता दाखवायची असते, असे थोडेच आहे!

२०२५ साली खंडेनवमी १ ऑक्टोबरला आली. योगायोग असा, की साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या ज्या मालमोटारी त्या दिवसापासून तयार होतील, त्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलनाचे यंत्र असलेच पाहिजे, असा नियम नेमका त्याच दिवशी अमलात आला. त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. मे महिन्यात दुपारी आमच्या मराठवाड्याचे ऊन ज्याने सोसले आहे, आणि त्या उन्हात इंजिनाशेजारी बारा-बारा तास बसणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. मला तर सरकारने खंडेनवमीला साजेशीच भेट दिली असे वाटले.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच नव्या ट्रकवर चालक आहे. शाळेत असताना पाढ्यांत कच्चा, पण वर्गातला फळा पुसायला सर्वांत पुढे. या उन्हाळ्यात एकदा दुपारी त्याने आमच्या फाट्यावर गाडी उभी केली आणि मला बोलावणे पाठवले. “गुरुजी, आज तुम्ही माझ्या घरी यायचे.” घर म्हणजे ती केबिनच. आसनामागे निजण्यापुरती फळी, फळीखाली लहानसा स्टोव्ह, पाण्याचा कॅन, एका कोपऱ्यात देव, देवांशेजारी मुलीचा फोटो. महिन्यातले वीस-वीस दिवस तो तिथे जेवतो, तिथेच निजतो.

चालत्या घरांचे आपल्याकडे आता कौतुक सुरू झाले आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच आखले. बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, टपावर थंड हवेचे यंत्र, असा सगळा संसार घेऊन निघायचे आणि मन मानेल तिथे मुक्काम करायचा. मोठी मौज आहे यात शंका नाही. पण एका जागी उभे असलेले घर आणि रस्त्यावर धावणारे घर यांत एक फरक आहे. चालते घर रोज हादरते. त्याचे स्क्रू सैल होतात, नळ्यांचे जोड ढिले पडतात, टपाला यंत्र बसवले असेल तिथले रबर उन्हाने तडकते आणि पहिल्या पावसात बिछाना भिजला की मगच ते कळते. पूर्वी आमच्याकडे घिसाडी येत. त्यांचाही संसार गाडीवरच. नांगराचे फाळ शेवटून देणारे ते लोक स्वतःच्या गाडीचा खिळाही ढिला राहू देत नसत, कारण त्या गाडीखेरीज त्यांना दुसरे छप्परच नव्हते. माझ्या या विद्यार्थ्याची केबिन म्हणजे गरिबाची कॅरॅव्हॅनच.

मी मोठ्या अपेक्षेने आत बसलो, तर हवा नुसती कोमट. आणि वर कोंदट वास. तो ओशाळला. म्हणाला, “महिनाभर असेच चालले आहे. गॅस संपलाय म्हणतात. भरायला मालक पैसे देईनात. दुपारी गाडी चालवताना पेंग येते, गुरुजी.” हे शेवटचे वाक्य त्याने सहज उच्चारले. माझ्या मात्र अंगावर काटा आला. मागे कित्येक टन लोखंड आणि पुढे पेंगणारा माणूस!

फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांना दाखवले. “गॅस संपला” हे शब्द ऐकताच ते उखडले. “संपायला तो काय रॉकेल आहे? बंद नळीत फिरत असतो बिचारा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची. नाही तर भरलेलाही जाईल.” मग त्यांनी केबिनमधली हवेची जाळी उपसून काढली. तिला जाळी म्हणायचे केवळ पूर्वीच्या ओळखीने. मळाची ती एक काळी चटई झाली होती. समोरच्या बाजूला, जिथे यंत्रातली उष्णता बाहेर टाकली जाते, तिथल्या पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांत धुळीबरोबर कापसाचे तूस गच्च बसले होते. कापूस पिकवणारा आमचा जिल्हा, तूस जाणार कुठे! मिस्त्रींनी बेताच्या धारेने ते पापुद्रे धुतले, जाळी धुण्यापलीकडे गेली होती म्हणून नवी बसवली. हवा गार येऊ लागली. गॅस जिथल्या तिथे होता. जाता जाता त्यांनी बजावले, की थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटे हे यंत्र चालवायचे. गॅसबरोबर त्यात तेल फिरते आणि त्या तेलानेच आतली रबरे ओली राहतात. महिनोन्‌महिने बंद राहिले की ती सुकतात आणि गळती लागते.

मास्तरकीची सवय सुटत नाही. मी तिथेच त्याचा तास घेतला. “अरे, तू या केबिनमध्ये रोज उदबत्ती लावतोस, नवमीला नारळ फोडतोस, आणि जाळी एकदाही काढून पाहिली नाहीस? तुझ्या उदबत्तीचा धूरसुद्धा त्याच जाळीत अडकला असेल!” तो खाली मान घालून ऐकत होता. मला माझे वाक्य फारच आवडले.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आपली पूजा आणि आपली निगा यांची ताटातूट कधी झाली? माझे वडील शेतकरी. पोळ्याच्या दिवशी बैलांना झूल, बाशिंग, पुरणाची पोळी हे तर होतेच. पण त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असे. जुवाखाली घासून घट्टे पडलेले बैलांचे खांदे वडील हळद आणि तूप लावून हलक्या हाताने मळत. म्हणजे आधी दुखरी जागा शोधायची, मग टिळा लावायचा. पोळा ज्यांनी बसवला त्यांना हा क्रम ठाऊक होता. गाडीचेही तसेच. दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चाक काढून आखाला वंगण दिल्याशिवाय वडील कासरा हातात घेत नसत. रात्री रस्त्याने एखादी गाडी करकरत गेली की अंथरुणातूनच ते मालकाचे नाव सांगत, आणि त्या नावाबरोबर एक शेलके विशेषण. खंडेनवमीचेही मूळ तसेच असणार. शस्त्र आणि अवजार पूजेला मांडायचे म्हणजे आधी ते घासून-पुसून, धार लावून ठेवावे लागते. आम्ही घासणे सोडले, मांडणे तेवढे ठेवले.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. दासबोधात त्यांनी मूर्खांची लक्षणे चांगली ऐसपैस सांगितली आहेत. त्यांच्या काळी वातानुकूलन नव्हते म्हणून आम्ही त्या यादीतून सुटलो, एवढेच.

पण नुसता आळस म्हणून हा प्रश्न सुटत नाही. माझा तो विद्यार्थी आळशी नाही. खरी अडचण वेगळी आहे. बिघाड दुरुस्त करणाऱ्याचे नाव होते. बिघाड होऊच न देणाऱ्याचे नाव कोण घेणार? त्याने केलेल्या कामाचा पुरावा काय? ‘काहीही झाले नाही’ हाच त्याचा पुरावा, आणि काहीही न झाल्याबद्दल आजवर कुणी कुणाचा सत्कार केल्याचे ऐकिवात नाही. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नांगरणाऱ्याला फळाची आशा सोडायची तर निदान डोळ्यांपुढे फळ तरी असते. निगा राखणाऱ्यापुढे सोडायलाही फळ नसते. जे घडले नाही तेच त्याचे फळ.

कुणी म्हणेल, चालत्या गाडीला कशाला खीळ घालायची? बिघडेल तेव्हा पाहू. या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ फ्रिजला कव्हर, कव्हरला पुन्हा प्लास्टिक, आणि पाहुणा फ्रिजजवळ गेला की स्वतः उठून उभे, असे वागतात. वस्तू माणसासाठी असते हेच ते विसरले आहेत. पण ‘बिघडेल तेव्हा पाहू’ म्हणणाराही तेच विसरतो. कारण बिघडेल तेव्हा त्या वस्तूच्या आधाराने कोण बसलेले असेल, हे त्याने पाहिलेले नसते. निगा ही वस्तूची नसतेच. त्या हवेत जो निजणार आहे त्याची ती असते.

असल्या कामांना माणूस कुठला मिळतो पाहा. ज्याने तक्रार करू नये अशी आपली अपेक्षा असते, त्याच्याकडेच ती जातात. ट्रकवर चालकाच्या जोडीला जो पोऱ्या असतो, त्याला आपण क्लीनर म्हणतो. नावातच त्याचे काम. पगार सर्वांत कमी, झोप सर्वांत कमी, आणि नवमीच्या फोटोत तो माळेच्या मागे. आता पुष्कळ ट्रकांवरून तो पोऱ्याही गेला. मग जाळी धुवायची कुणी, हे कुणीच ठरवले नाही.

इथवर विचार करून मी समाधानाने निजलो. कूलर सुरू होता. तो कोण धुतो, हे माझ्या मनातही आले नाही.

आमची ही त्या दिवसांत माहेरी, अंबडकडे गेली होती. सासऱ्यांची प्रकृती बरी नव्हती. तीन आठवडे झाले होते. दर शनिवारी ती कूलरची टाकी उपसून कोरडी करते, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. आमच्या पाण्यात क्षार फार. ते लाकडाच्या किसाच्या जाळ्यांवर पांढरे थर धरतात, तेही ती खरडून काढते. हे सारे मला ‘ठाऊक’ होते. पाडव्याला कूलर माळ्यावरून काढला तेव्हा ती म्हणाली होती, “अहो, याची तीन पायांची पिन तुटली आहे. नवी बसवून घ्या.” नंतरही दोनदा म्हणाली. मी दोन तारा बोर्डात घालून काड्या खोचल्या. तिसरी तार, जमिनीला जोडलेली, मोकळीच लोंबत राहिली. पत्र्याच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून ती तार असते. सातवीच्या मुलांना मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

चौथ्याच दिवशी दुपारी आई कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. चालू होता तो. ओल्या हाताने तिने पत्र्याला धरले आणि मागे फेकली गेली. बादली एकीकडे, ती एकीकडे. दैव बलवत्तर म्हणून हात सुटला. चिकटला असता तर हा निबंध मी लिहिला नसता. मनगटाचे हाड मोडले तेवढ्यावर निभावले. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारले, “घरात इलेक्ट्रिकचे काम कोण पाहते?” आईने माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, “माझीच चूक. घाई केली मी.”

बातमी कळताच माझा तो विद्यार्थी आला. मोसंब्यांची पिशवी आईजवळ ठेवली, “आजी, फार दुखते का?” म्हणून विचारले. फाट्यावरच्या माझ्या व्याख्यानाची त्याला आठवण होती की नाही, कोण जाणे. आठवण असती तरी तो बोलला नसता. मीच बोलावे अशी ती वेळ होती आणि मला शब्द सुचेना. त्याने बोर्डातल्या काड्या काढल्या, कूलर ओढत अंगणात नेला, टाकी उपसली. तळाशी गाळ होता आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी बादली धरून उभा होतो. त्याने टाकी घासली, जाळ्या बदलल्या, खिशातून तीन पायांची नवी पिन काढून तिसरी तार नीट आवळून बसवली. पिन तो येतानाच घेऊन आला होता. बोर्डातली तिसरी वायर जमिनीपर्यंत पोचलेली आहे की नाही, तेही दिवा लावून तपासले. मग म्हणाला, “गुरुजी, पाणी भरताना पिन काढूनच ठेवायची बरं का. बटण बंद केले तरी.”

आमची ही परत आली ती प्लास्टर पाहून रडली. मग अंगणाकडच्या खिडकीत लखलखीत कूलर पाहून तिने विचारले, “हा कुणी धुतला?” मी त्याचे नाव सांगितले. “आणि तुम्ही?”

“मी बादली धरली.”

ती काही बोलली नाही. तेव्हापासून शनिवारी कूलर मी धुऊ लागलो. मी धुऊन झाल्यावर ती हात घालून तळाचे कोपरे पाही, आणि बहुतेक वेळा एखादा कोपरा पुन्हा घासून घेई. मला राग येत असे. पण त्या कोपऱ्यात काहीतरी असे हेही खरे.

मृगाच्या पावसानंतर कूलर कोरडा करून, तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही माळ्यावर ठेवला. येत्या खंडेनवमीला त्यालाही खाली काढून झेंडूची माळ घालावी असे आईच्या मनात आहे. पिन काढलेली असेल ना, हे मात्र ती आत्तापासून विचारते.