नक्कल, नमुना आणि नीयत

उर्दूतला ‘नक्ल’ हा शब्द मराठीत येऊन ‘नक्कल’ झाला. दोन्ही भाषांत त्याचे नशीब सारखेच. परीक्षेच्या दिवशी नक्कल हा गुन्हा ठरतो. एरवी तीच शिक्षणाचा पाया असते. पहिलीतले मूल उस्तादांनी फळ्यावर काढलेला अलिफ पाहून आपल्या पाटीवर अलिफ काढते, तेव्हा ते नक्कलच करीत असते. त्याला आम्ही शाबासकी देतो. तेच मूल दहावीत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावले, तर आम्ही त्याला उभे करतो. मग नक्कल केव्हा विद्या असते आणि केव्हा लबाडी? नुसते ‘पाहून करू नये’ एवढे सांगून या प्रश्नातून सुटका होत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही शिडाच्या जहाजाचा लाकडी नमुना समोर ठेवतो. नमुना म्हणजे उघडउघड नक्कल. पण ती करणे सोपे नाही. आधी तळाचा कणा, मग त्यावर बरगड्या उभ्या करायच्या. पातळ फळ्या पाण्यात भिजवून किंवा वाफ देऊन वाकवायच्या आणि एकेक करून बरगड्यांवर बसवायच्या. नंतर डोलकाठ्या, आणि शेवटी दोरांचे जाळे. डोलकाठी ताठ धरणारे दोर कायमचे बांधलेले असतात. खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावीत, म्हणून ते काळपट. शिडे चढवणारे-फिरवणारे दोर कप्प्यांतून सरकतात, ते फिकट. म्हणून जाणता कारागीर नमुन्यातही दोन रंगांचा दोरा वापरतो. खलाशी ज्यावर पाय देऊन वर चढतात, त्या दोरांच्या शिडीला तर शेकडो बारीक गाठी माराव्या लागतात.

एवढे करूनही नक्कल पूर्ण होत नाही. १:४८ हे अशा नमुन्यांचे एक जुने प्रमाण. त्यात पावणेसहा फुटी माणूस साडेतीन सेंटीमीटरहून थोडा मोठा होतो आणि पावणेपाच सेंटीमीटर जाडीचा दोर एक मिलिमीटरचा. इथवर ठीक. पण एक मिलिमीटर जाडीच्या शिडाचे काय? त्या हिशेबाने कापड मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके पातळ हवे. तसे कापड विणायचे कोणी? म्हणजे अत्यंत प्रामाणिक कारागीरही काही ठिकाणी मापाशी तडजोड करतो. तेव्हा ‘हुबेहूब ते खरे आणि कमीजास्त ते खोटे’ ही आपली पहिली व्याख्या इथेच कोसळते.

दुसरी व्याख्या इतिहासात तपासून पाहू. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडमध्ये ठेवले गेले. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये त्यांच्यासाठी मोठी छावणी उभी राहिली. तिथले कैदी शिध्यात आलेल्या मांसाची हाडे साफ करून, तासून त्यांची जहाजे बनवीत. दोरांसाठी कधी माणसाचे केसही वापरीत. आराखडा जवळ नसे. आठवण हाच आराखडा. ही जहाजे बाजारात विकली जात, आणि गिऱ्हाईक इंग्रज असल्यामुळे कित्येक नमुन्यांना इंग्रजी जहाजांची नावे दिली जात. ज्यांनी कैद केले त्यांचेच जहाज कैद्याने आपल्या पोटासाठी घडवायचे! त्याला कोणी लबाड म्हणेल का? आम्ही म्हणणार नाही.

पण त्याच कैद्यांपैकी काहींनी आणखी एक नक्कल केली. त्यांनी बँक ऑफ इंग्लंडच्या बनावट नोटा तयार केल्या. हुनर तेच, हातांची सफाई तीच, गरजही तीच. आणि पकडले गेल्यास त्या काळच्या इंग्रजी कायद्यात शिक्षा फाशीची. एक नक्कल आज संग्रहालयात काचेआड मानाने बसली आहे, दुसरी गुन्हा ठरली. फरक कशात? हाडाचे जहाज पाहणाऱ्याला सांगते, ‘मी जहाज नाही; जहाज असे असते.’ बनावट नोट सांगते, ‘मीच ती नोट.’ पहिली नक्कल अस्सलाकडे बोट दाखवते. दुसरी अस्सलाला ढकलून त्याच्या जागी बसते. खोटेपणा वस्तूत नसतो, तिच्या दाव्यात असतो.

मॉरिशसमध्ये, जिथे आपले मराठी बोलणारे लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, जहाजांचे नमुने करण्याचा मोठा धंदा आहे. तिथे शिडांचे कापड चहाच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे ते वापरलेले, जुने दिसते. हा रंग खोटा का? कारागीर ‘हे नवे आहे’ म्हणून विकत असेल, तर चहा हा केवळ रंग. उद्या एखादा दुकानदार तोच नमुना ‘दीडशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकू लागला, तर तोच चहा लबाडी. वस्तू बदलली नाही, नीयत बदलली.

अस्सलाशी इमान राखणाऱ्या नकलेची आणखी एक खूण आहे: ती दुरुस्त व्हायला तयार असते. स्वीडनचे ‘वासा’ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले गेले. त्यावरील कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी असावी असे आधी समजले जाई. पुढे लाकडावरचे रंगाचे सूक्ष्म अवशेष तपासल्यावर ती लाल होती असे ठरले. संग्रहालयातला १:१० प्रमाणाचा नमुना आज लाल रंगातच दिसतो. बनावट नोटेला असा नवा पुरावा परवडत नाही. ती उजेडाला घाबरते.

आता आपल्या घरात येऊ. शाळेत ‘प्रकल्प’ आला की स्टेशनरीच्या दुकानात तयार घरे, पूल, जहाजे मिळू लागतात. बापाने पैसे मोजायचे, मुलाने नाव घालायचे, शाळेने गुण द्यायचे. शेजारी काड्यापेटीच्या काड्यांचे वाकडेतिकडे जहाज घेऊन आलेली मुलगी उभी असते. तिचे वडील मजुरीला जातात. दुकानातला नमुना त्यांच्या खिशाबाहेरचा. गुण कोणाला जास्त? टेबलावर देखणे दिसते त्याला. इथे मुलाने नक्कल केली हा दोष नाही, दोन्ही मुलांनी नक्कलच केली. पण एकाने जहाजाची केली आणि दुसऱ्याला आम्ही मोठ्यांनी मेहनतीची नक्कल करायला शिकवले. ही खोटी नोट आम्हीच चलनात आणतो, आणि तिची किंमत ती मुलगी मोजते.

तयार भाग आणून जोडणे मुळात वाईट नाही. अनेक शौकीन असे संच आणतात, महिनोन्‌महिने खपतात आणि ‘संचातून केले’ असे सांगतात. तेवढे सांगणे पुरेसे असते. म्हणून उपाय बंदीचा नाही, विचारण्याचा आहे. गुण देण्यापूर्वी मुलाला विचारावे: ही फळी कशी वाकवलीस? हे दोर काळे आणि ते फिकट का? कुठे चुकले आणि मग काय केलेस? ज्याने हाताने केले त्याच्याकडे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब असते. वाकड्या जहाजाला मग आपोआप तोंड फुटते, आणि देखणे जहाज मुके उभे राहते.